फ्रीजरमधला बाळंतविडा

आमचं घर जामबागेत, विवेक वर्धिनीपासून चालत पाच मिनिटांवर. आजोबा परभणीहून इथे शिकायला आले तेव्हा परभणी आणि हैदराबाद एकाच संस्थानात होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आजोबा मात्र इथेच राहिले. त्यांच्या पिढीची बरीच कुटुंबं आता कुकटपल्ली, मियापूरकडे पांगली आहेत. जामबागेतला घाऊक फुलबाजारही गुडीमल्कापूरला गेला. तरी फुलांची दुकानं अजून आहेत, सकाळी गल्लीत झेंडूचा वास येतो आणि आमचा जुना ओटाही आहे तिथेच आहे. मी रोज उस्मानिया मेडिकल कॉलेजच्या स्थानकावर मेट्रो पकडतो, अमीरपेठला बदलतो आणि हायटेक सिटीला उतरून दिवसभर संगणकासमोर बसतो. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मागच्या हिवाळ्यात मी त्या जुन्या ओट्याशी जेवढा वेळ उभा राहिलो, तेवढा आधीच्या तीस-पस्तीस वर्षांत मिळूनही नव्हतो.

आमचं दुसरं बाळ २० जानेवारी २०२५ च्या आसपास येणार होतं. पहिल्या वेळी बायको नांदेडला माहेरी होती. सव्वा महिना सासूबाईंनी तिला पाण्यात हात घालू दिला नाही. सकाळी खीर, दुपारी बाजरीची भाकरी आणि शेपू, रात्री मऊ खिचडी आणि त्यावर तुपाची धार. मी दर शनिवारी रात्रीच्या गाडीने जायचो, जावयाचा पाहुणचार घ्यायचो आणि बाळाला बघून रविवारी रात्री परत निघायचो. बाळंतपण करणं म्हणजे नेमकं काय असतं हे मला त्या सव्वा महिन्यात दिसलं खरं, पण दारातून डोकावल्यासारखं.

या वेळी चित्र वेगळं होतं. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. नांदेडच्या घरी आता सासरे आणि मेहुणा दोघेच असतात. लेक पहिलीत, तिची शाळा सोडून जाणं शक्य नव्हतं. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये झालेली. ती घरात हिंडते-फिरते, पण ओट्याशी दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त उभी राहू शकत नाही. स्वयंपाकाला बाई लावून पाहिली, पण पहाटेचं आणि रात्रीचं कोण करणार? कायद्याने २०१७ पासून आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. वडिलांसाठी केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीत तसा कायदाच नाही. माझ्या कंपनीने १० दिवस दिले. सव्वा महिन्यातून १० दिवस वजा केले की उरतात तीस. ही वजाबाकी मी बऱ्याच रात्री केली.

बायको याबद्दल फारसं बोलत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "मागच्या वेळी मला भूक लागायच्या आधी ताट समोर यायचं. आता भूक लागली तर मला सांगावं लागेल." त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

फ्रीजरची कल्पना ऑफिसातल्या एका मित्राकडून आली. तो अमेरिकेत चार वर्षं राहून आलेला. तिकडच्या आपल्या मराठी घरांमध्ये दोन्हीकडचे आजी-आजोबा व्हिसाच्या तारखांवर अवलंबून असतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यात नवरा-बायको मिळून फ्रीजर भरून ठेवतात असं त्याने सांगितलं. मी उत्साहाने घरी येऊन हे आईला सांगितलं. आईने भाजी निवडता निवडता वर न बघता विचारलं, "म्हणजे बाळंतिणीला महिनाभर शिळं घालणार तू?"

आईचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. बाळंतिणीला ताजं आणि ऊन ऊन द्यायचं, हा नियम फ्रीज नसलेल्या घरांमध्ये तयार झाला. दुपारचं वरण संध्याकाळपर्यंत आंबणार, आणि ते खाऊन बाळंतिणीचं पोट बिघडलं तर दोन जीवांचा प्रश्न. अन्न साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, हे आज अन्नसुरक्षेची पुस्तकं सांगतात. आपल्या आज्या तेच 'शिळं' या एका शब्दात सांगत होत्या.

पण उणे १८ अंशांवर तेच जंतू थांबतात. मरत नाहीत, थांबतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बाहेर काढल्यावर ते पुन्हा कामाला लागतात. मी आईला मातृदुग्ध पेढीचं उदाहरण दिलं. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली अशी पेढी सुरू झाली. तिथे दान केलेलं आईचं दूध निर्जंतुक करून गोठवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. म्हणजे जगातलं सगळ्यात नाजूक गिऱ्हाईकसुद्धा गोठवलेलं पितं. आई म्हणाली, "ते दूध बाळाला नाइलाजाने देतात. तुझी आमटी तुझ्या हौसेने आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तोडगा शेवटी आईकडूनच निघाला. दोन दिवसांनी ती म्हणाली, "वरण शिजवून ठेवलंस तर ठेव. पण फोडणी मी देणार. त्याच वेळी, ताजी." तिथून आमचा नियम ठरला. डब्यातला कुठलाही पदार्थ पूर्ण तयार करून ठेवायचा नाही. शेवटची पायरी ताटाच्या वेळी, ताजी. निवडणं, धुणं, चिरणं, भाजणं, दळणं, शिजवणं ही सगळी उभ्याने आणि वेळखाऊ करायची कामं आधी. फोडणी, तूप, कोथिंबीर आणि गरम भाकरी त्या वेळी. आईला दहा मिनिटं उभं राहता येत होतं आणि फोडणीला तेवढा वेळ पुरतो. शिवाय बाळंतपण आईनेच केलं, हे तिला आणि आम्हाला दोघांनाही म्हणता येणार होतं.

मग यादी झाली. मी अर्थातच एक्सेल उघडलं. आई म्हणाली, आधी फ्रीजर बाजूला ठेव आणि कपाट भर. बाळंतविडा म्हटलं की आपल्याला झबली-टोपडी, दुपटी आठवतात. पण माहेरून येणाऱ्या त्या पेटाऱ्यात डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपाही असायच्या. म्हणजे बाळ येण्याआधी स्वयंपाक करून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फ्रीजरच्या कितीतरी आधीपासून आहे. पाणी काढून टाकायचं, तुपात किंवा गुळात बांधायचं, भाजून कोरडं करायचं. जंतूंना पाणी मिळालं नाही की तेही थांबतात. डिंकाचा लाडू महिनाभर टिकतो तो याच हिशेबाने. बर्फ हा त्याच कामाचा नवा मार्ग.

कपाटाची खरेदी बेगम बाजारात. आमच्या घरापासून चालत जाता येतं, पण परतताना रिक्षा करावी लागते. डिंक, खारीक, सुकं खोबरं, गोडंबी, खसखस, अळीव, सुंठ, ओवा, बाळंतशेप. यादी वाचता वाचता दुकानदाराने मान वर करून विचारलं, "क्या साब, घर में ज़च्चा है क्या?" मी अजून महिना-दीड महिना आहे म्हणालो. त्याने डिंकाच्या पुडीत आणखी एक मूठ टाकली आणि म्हणाला, आमच्याकडे याची अछवानी करतात, चाळीस दिवसांच्या चिल्ल्यात. डिंक, सुंठ, ओवा, तूप, गूळ, सुका मेवा. लाडू वळला की आपला, कढईतच ठेवला की त्यांचा. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू आंटींनीही लसणाचं कारम करून देते म्हणून सांगितलं. तेलुगूत बाळंतिणीला 'बालिंत' म्हणतात आणि तिच्या जेवणाला 'पत्यम्'. तीन भाषा, चाळीस दिवस आणि साधारण तोच मसाल्याचा डबा.

१ डिसेंबर २०२४ चा रविवार डिंकाच्या लाडवांचा. आई ओट्याशेजारी खुर्चीवर, मी कढईसमोर. अडचण मापांची होती. आईची मापं म्हणजे मूठ, चिमूट आणि 'दिसेल तेवढं'. मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणला आणि तिला म्हटलं, तू तुझ्या पद्धतीने घे, मी फक्त खाली काटा ठेवतो. डिंकाची एक मूठ ४२ ग्रॅम. दुसरी ४१. तिसरी ४३. चौथी पुन्हा ४२. मी काट्याकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "काय झालं? चुकलं का?" तिला काटा दाखवला तर तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापं घरोघरी नेली. आमच्या घरीही ते पुस्तक आहे, पण आईने ते प्रामुख्याने केक आणि पुडिंगांसाठी उघडलेलं. बाळंतपणाचं सगळं तिच्या मुठीत होतं आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या सहा रविवारांत ते एक्सेलमध्ये आलं. डिंक किती तुपात, किती किती घालून फुलवायचा, मेथीचं पीठ आठ दिवस तुपात भिजत ठेवलं की कडूपणा कसा मरतो, मेतकुटात डाळी कुठल्या क्रमाने भाजायच्या. मला वाटतं, फ्रीजर रिकामा झाल्यावरही जे उरलं ते हेच.

आता फ्रीजरकडे. आमच्या दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा कागदावर ६० लिटरचा. त्यात गोल डबे ठेवले की निम्मी जागा हवेलाच जाते. म्हणून जाड झिपच्या पिशव्या घेतल्या. प्रत्येकीत दोन माणसांपुरतं, साधारण अर्धा लिटर. पिशवी ताटावर आडवी ठेवून दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची सपाट करायची, गोठली की पुस्तकांसारखी उभी लावायची. पातळ पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. लवकर गोठणं फार महत्त्वाचं. अन्नातलं पाणी सावकाश गोठलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि आतल्या पेशी फाडतात. मग सुटताना पाणी वेगळं, चोथा वेगळा. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन माणूस १९१२ साली कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये गेला. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडायचे, ते बघता बघता गोठायचे आणि महिन्यांनी शिजवले तरी ताजे लागायचे. झटपट गोठवण्याचा आजचा सगळा धंदा त्याच्या त्या निरीक्षणावर उभा आहे. आपला घरचा फ्रीजर तितका झटपट नाही, म्हणून पिशवी पातळ हवी आणि एका दिवशी चार-पाचांहून जास्त पिशव्या आत घालायच्या नाहीत. एकदम वीस घातल्या तर त्या गोठायच्या सोडून आधीच्या गोठलेल्यांना ऊब देतात. रविवारी शिजवलेलं काही खालच्या फ्रीजमध्ये थांबायचं आणि सोमवारी वर जायचं.

गरम पदार्थ तसाच ठेवायचा नाही आणि रात्रभर ओट्यावर निवतही ठेवायचा नाही. परातीत पाणी आणि बर्फ, त्यात पातेलं, अधूनमधून ढवळणं. तासाभरात वरण थंड होतं. दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे, हे आम्ही घड्याळ लावून पाळलं. भाताच्या बाबतीत तर जास्तच, कारण भातात एका जंतूची बीजं शिजवल्यावरही टिकून राहतात आणि भात कोमट राहिला की उगवतात. आम्ही भात गोठवलाच नाही. खिचडीसुद्धा नाही. खिचडी गोठवून, सोडवून, गरम करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कुकरला ताजी होते. त्याऐवजी तांदूळ, मूगडाळ, जिरं, मिरी, हळद मोजून कोरड्या पुड्या बांधल्या. पुडी फोडायची, धुवायची, तीन शिट्ट्या. हा उपाय इतका सोपा होता की आईने त्याला 'तुझं फ्रीजर-बिजर' म्हणणं बंद केलं.

फ्रीजरमध्ये काय गेलं ते सांगतो. घट्ट शिजवलेलं बिनफोडणीचं मूग-तुरीचं वरण, १० पिशव्या. पाणी निम्मंच घातलं, म्हणजे जागा वाचते. वाढताना गरम पाण्याने सैल करायचं. मोड आणून शिजवलेले मूग, मटकी, चवळी, ८. निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून, पिळून चिरलेली पालेभाजी, शेपू, मेथी, पालक, ८. कांदा-खोबऱ्याचं भाजून वाटलेलं वाटण, ४. पुरण, २. अर्धवट भाजलेल्या पोळ्या, मध्ये बटर पेपर घालून दहा-दहाच्या ६ पिशव्या. ओल्या नारळाचे अळिवाचे लाडू, दोन डबे. खवलेलं ओलं खोबरं, दोन पिशव्या. एकूण ४२.

काय गेलं नाही तेही सांगायला हवं. बटाटा गोठून रवाळ होतो. दुधी पाणी सोडतो. ताकाची कढी फाटते. भाकरी तर गरमच हवी, त्याला पर्याय नाही, ती मी शिकलो. बाजरीचं पीठही आठवड्यापुरतंच दळून आणलं, ते लवकर कडवट होतं.

पिशव्यांवर नाव आणि तारीख घालायचं काम लेकीचं. मी इंग्रजीत छापील लेबलं काढणार होतो, पण आईला चष्म्याशिवाय ती दिसली नसती. लेकीने चित्रं काढली. वरणासाठी पिवळा सूर्य, पालेभाजीसाठी झाड, मुगासाठी शेपट्या असलेले हिरवे गोळे, पुरणासाठी हसणारी पोळी. खाली मोठ्या अक्षरांत तारीख. आपल्या घरी बाळ येणार म्हणजे आपण बाजूला पडणार, ही भीती तिला होतीच. या कामात तिचा शब्द शेवटचा होता. कुठल्या दिवशी कुठलं चित्र उघडायचं हे ती ठरवायची.

एक गोष्ट मात्र यादीत नव्हती. तिसऱ्या रविवारी बायकोने विचारलं, "हुलग्याचं माडगं जमेल?" सासूबाई ते करायच्या. हुलगे भाजून पीठ करायचं, ते पाण्यात शिजवायचं, गूळ, सुंठ, थोडं तूप. मराठवाड्यात थंडीत घरोघरी होतं, पण प्रत्येक घराचं वेगळं. माझ्या आईकडे ते तिखट, लसूण घालून. नांदेडच्या मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, ताईचं माडगं मी नुसतं प्यायले, कधी केलं नाही. मग त्यांनी आठवून आठवून सांगितलं. हुलगे मंद आचेवर, रंग बदलेपर्यंत. दळताना थोडा ओवा. गूळ शेवटी. आम्ही पाव-पाव किलोचे तीन वेगवेगळे भाजले, गल्लीतल्या गिरणीतून दळून आणले आणि तीन वाट्या बायकोसमोर ठेवल्या. तिने पहिली बाजूला केली. दुसरी अर्धी प्यायली. तिसरी प्यायला घेतली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईचं याहून पातळ असायचं. आणि काहीतरी वेगळंच होतं." थोड्या वेळाने, "पण हे आमच्याकडचंच आहे." तिने वाटी संपवली. आई उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. त्या पिठाचा डबा कपाटात सगळ्यात पुढे ठेवला.

सातवा रविवार हाती लागलाच नाही. बाळ अकरा दिवस आधी, ९ जानेवारीला आलं. मुलगा, शस्त्रक्रियेने. १३ तारखेला घरी आलो, त्या दिवशी भोगी होती. भोगीच्या भाजीला आपल्याकडे लेकुरवाळी भाजी म्हणतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. लेकुरवाळी घरात असताना ती पहिल्यांदा पानात पडली. आईने त्यात वांगं घातलं नाही. त्या दिवशीचं बाळंतिणीचं ताट असं होतं: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, शेपूची भाजी, मुगाचं वरण. शेपू आणि वरण पिशवीतून निघालेलं. वरण चांगलं उकळी फुटेपर्यंत तापवलं. आई उभी राहिली, तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण टाकला आणि ती फोडणी वरणावर ओतली. तो आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला. बायको आतून म्हणाली, "आले, आले." मी म्हटलं, तू नको येऊस, ताट येतंय.

पुढचे दिवस धावपळीचेच होते, ते काही फ्रीजरने सुटत नाहीत. बाळ रात्री जागं राहायचं, लेकीला शाळेत सोडायचं, दहा दिवसांची रजा संपली तशी मी पुन्हा मेट्रो पकडली. पण ओट्याशी जाणारा वेळ दिवसाला तीन तासांवरून सव्वा तासावर आला. सकाळी निघताना दोन चित्रं फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात उतरवायची, म्हणजे ती फ्रीजच्याच थंडीत सुटतात. दुपारी आई गरम करायची आणि फोडणी द्यायची. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही, हा नियम तिने माझ्यापेक्षा कडक पाळला.

खाण्याच्या पथ्यांवर आई आणि डॉक्टर यांचं थोडं जमायचं, थोडं नाही. आई पाणी बेताने प्यायला सांगायची, डॉक्टर भरपूर. आई डाळी-उसळींना वातूळ म्हणायची, डॉक्टर प्रथिनं म्हणायचे. आपल्याच शहरात, तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला एका छोट्या प्रयोगशाळेतून सुरू झालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज नेहमीपेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं तिच्या शिफारशींमध्ये आहे. मी हे आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हणजे किती?" मी हिशेब करून सांगितलं की दोन डिंकाचे लाडू, एक वाटी खीर आणि वर एक भाकरी, साधारण तेवढं. आई म्हणाली, "मग मी काय वेगळं घालतेय?" पाण्याच्या बाबतीत डॉक्टर जिंकले, लाडवांच्या बाबतीत आई, आणि मोड आलेले मूग दोघांनाही चालले. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र अळिवाच्या भरवशावर सोडल्या नाहीत, त्या वेळेवर चालू ठेवल्या.

४२ पैकी शेवटची पिशवी तेहतिसाव्या दिवशी निघाली. त्यानंतर फ्रीजरचा एक कप्पा आम्ही धुऊन पुसून बायकोच्या दुधासाठी ठेवला आहे. २६ आठवडे संपल्यावर ती कामावर जाईल तेव्हा तो लागेल. त्या कप्प्यावरचं चित्र अजून ठरलेलं नाही, लेक विचार करते आहे.

आपल्या मंडळातल्या तरुण घरांना एवढं सांगावंसं वाटतं. तुमच्यापैकी अनेकांची माहेरं-सासरं लातूर, नांदेड, सोलापूर, पुण्याला आहेत. कुणाची आई आजारी असते, कुणाची नसतेच. अशा वेळी सातव्या-आठव्या महिन्यापासून दर रविवारी चार तास पुरे होतात. शेवटच्या महिन्यावर विसंबू नका, बाळ तारखा पाळत नाही. आणि हे काम होणाऱ्या बापाने करावं. बाळंतिणीला बसून चव बघायला सांगा, तिला उभं करू नका.

आणखी एक. बाळ बघायला येणारे आपण सगळे पेढे आणि झबली घेऊन येतो. आमच्या घरी अजून दोन डझन झबली बाळाला लहान होण्याची वाट बघत पडून आहेत. पुढच्या वेळी कुणाच्या घरी बाळ बघायला गेलात, तर आधी फोन करून विचारा आणि एक घट्ट शिजवलेलं वरण किंवा मोजून बांधलेली खिचडीची पुडी घेऊन जा. वर तारीख घाला. फोडणी त्यांच्या घरी होऊ द्या. मियापूरच्या एका मित्राच्या घरी मार्चअखेर बाळ येणार आहे. दोघांचीही आई दूर गावी. त्यांच्यासाठी या रविवारी आमच्या ओट्यावर मूग भिजत घातले आहेत, आणि आईने खुर्ची ओढून घेतली आहे.